विश्लेषण : फॅशनमधून गेली, पण बँकेतून जाईना… कोबोल भाषेमागच्या ग्रेस हॉपर कोण होत्या?

बॅकएंडच्या भाषा दर काही वर्षांनी बदलतात. तरीही १९६० ची एक भाषा आजही जगभरातील बँकांचे हिशेब सांभाळते. ती ज्यांच्या कामातून उभी राहिली, त्या नौदल अधिकारी आणि गणितज्ञ महिलेची ही कहाणी.

बॅकएंडसाठी कोणती भाषा शिकावी, या प्रश्नाचे उत्तर दर चार-पाच वर्षांनी बदलते. कधी पीएचपीचा जोर होता. मग रुबी ऑन रेल्स आले, त्यानंतर नोड, मग गो. सध्या रस्टचे नाव घेतले जाते. बॅकएंड म्हणजे ॲपचा न दिसणारा भाग. हॉटेलात गिऱ्हाइकाला टेबल आणि मेन्यूकार्ड दिसते, भटारखाना दिसत नाही, तसेच हे. मोबाइलवर बटण दाबल्यावर खात्यातील शिल्लक तपासणे, रक्कम वळती करणे, नोंद ठेवणे हे सगळे या भटारखान्यात होते.

या भटारखान्यात कोबोल नावाची भाषा साठ वर्षांहून अधिक काळ राबते आहे. रॉयटर्सने २०१७ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार अमेरिकेतील ४३ टक्के बँकिंग प्रणाली कोबोलवर उभ्या होत्या आणि जगात कोबोलच्या सुमारे २२० अब्ज ओळी वापरात होत्या. इंजिनीअरिंगच्या मुलांना ही भाषा आता कुणी शिकवत नाही, नोकरीच्या मुलाखतीत तिच्याबद्दल कुणी विचारत नाही आणि ती बंद करायला मात्र कुणी धजत नाही. या भाषेची कहाणी रिअर ॲडमिरल ग्रेस हॉपर यांच्या आयुष्याशी जोडलेली आहे.

गजराची सात घड्याळे

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. वडील विमा व्यवसायात होते, आईला गणिताची आवड होती. तीन भावंडांत ग्रेस थोरल्या. गजराचे घड्याळ वाजते कसे, हे पाहण्यासाठी सात वर्षांच्या ग्रेसने एक घड्याळ उघडले. ते पुन्हा जोडता येईना, म्हणून दुसरे उघडले. असे करत घरातील सातही घड्याळे सुटी झाली. आईने फार आरडाओरडा केला नाही. यापुढे खेळायला एकच घड्याळ मिळेल, एवढेच बजावले.

वासर कॉलेजने पहिल्या वर्षी त्यांना प्रवेश नाकारला. कारण होते लॅटिनमधील कमी गुण. पुढे ज्यांनी प्रोग्रॅमिंगच्या भाषांना वळण दिले, त्यांची सुरुवात भाषेच्या पेपरात नापास होण्याने झाली. वर्षभराने प्रवेश मिळाला. १९२८ मध्ये त्या गणित आणि भौतिकशास्त्रात पदवीधर झाल्या आणि १९३४ मध्ये येल विद्यापीठातून त्यांनी गणितात पीएचडी मिळवली. दरम्यान व्हिन्सेंट हॉपर या साहित्याच्या प्राध्यापकांशी लग्न झाले होते आणि वासरमध्येच गणित शिकवण्याची नोकरी लागली होती. सगळे सुरळीत होते. याच नोकरीतून त्या निवृत्त झाल्या असत्या तर आज त्यांचे नाव कुणाला ठाऊक नसते.

प्राध्यापिका नौदलात कशा गेल्या?

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. हॉपर यांनी नौदलात जायचे ठरवले. त्यात अडचणी तीन. वय पस्तिशीपुढे, वजन नियमापेक्षा सुमारे १५ पौंडांनी कमी आणि गणिताचे प्राध्यापक देशाला वर्गातच हवे, असे सरकारचे धोरण. हॉपर यांनी वजनासाठी सवलत मिळवली, कॉलेजकडून रजा मिळवली आणि डिसेंबर १९४३ मध्ये नौदलाच्या महिला राखीव दलात शपथ घेतली. प्रशिक्षणात त्या तुकडीत पहिल्या आल्या.

जुलै १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात झाली. तिथे हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली मार्क-१ हे अजस्र गणनयंत्र चालत होते. ५१ फूट लांब, ८ फूट उंच, साडेसात लाखांहून अधिक सुटे भाग. त्याचा वेग होता सेकंदाला तीन बेरजा. तोफांच्या माऱ्याची कोष्टके आणि युद्धासाठी लागणारी इतर आकडेमोड या यंत्रावर चाले. कागदी पट्टीला ठरावीक जागी भोके पाडून यंत्राला हुकूम द्यायचे, हेच तेव्हाचे प्रोग्रॅमिंग. या यंत्राची पाचशेहून अधिक पानांची माहितीपुस्तिका लिहिण्याचे काम एकेन यांनी हॉपर यांच्यावर टाकले. त्यांनी ती लिहिली. १९४६ मध्ये ती प्रसिद्ध झाली.

युद्ध संपले. १९४५ मध्ये घटस्फोटही झाला. हॉपर हे आडनाव त्यांनी कायम ठेवले. वासरने प्राध्यापकपद देऊ केले, ते त्यांनी नाकारले. नियमित नौदलात घ्या, असा अर्ज केला, तो वयाच्या कारणाने नाकारला गेला. त्या राखीव दलात राहिल्या आणि हार्वर्डच्या यंत्रापाशीही राहिल्या.

पतंगाची गोष्ट किती खरी?

हॉपर यांच्या नावावर सर्वाधिक फिरणारा किस्सा पतंगाचा आहे. सप्टेंबर १९४७ मध्ये हार्वर्डच्या मार्क-२ यंत्राच्या रिलेमध्ये पतंग अडकल्याने यंत्र थांबले. तो काढून नोंदवहीत चिकटपट्टीने लावला गेला आणि खरोखरचा बग सापडल्याची नोंद केली गेली. ती वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे.

मात्र बग हा शब्द हॉपर यांनी शोधला, हे सोशल मीडियावर फिरणारे विधान चूक आहे. यंत्रातील दोषाला बग म्हणण्याची पद्धत थॉमस एडिसन यांच्या काळापासून होती. नोंदवहीतील विनोदही त्यामुळेच विनोद ठरतो. पतंग हॉपर यांना स्वतःला सापडला असेही नाही. त्या हा किस्सा भाषणांत रंगवून सांगत, त्यामुळे तो त्यांच्या नावावर जमा झाला. त्यांचे खरे काम यापेक्षा कितीतरी मोठे होते, पण त्यात पतंग नसल्याने ते कमी सांगितले जाते.

कंपायलर म्हणजे काय, आणि त्यावर विश्वास का बसेना?

१९४९ मध्ये हार्वर्डमधील मुदत संपली. हॉपर फिलाडेल्फियातील एकर्ट-मॉकली या नव्या कंपनीत गेल्या. आजच्या भाषेत तो स्टार्टअपच. कंपनी युनिव्हॅक हा व्यावसायिक संगणक बनवत होती आणि तिच्याकडे पैसे कायम कमी असत. १९५० मध्ये रेमिंग्टन रँड या टाइपरायटर बनवणाऱ्या बड्या कंपनीने ती विकत घेतली. हा काळ हॉपर यांच्यासाठी कठीण होता. या वर्षांत त्यांचे मद्यपान हाताबाहेर गेले होते आणि मित्रांना मध्ये पडावे लागले होते, हे चरित्रकार कर्ट बायर यांनी नोंदवले आहे. त्यांच्यावरील प्रेरणादायी व्हिडिओंमध्ये हा भाग सहसा नसतो.

याच काळातील एक किस्सा त्या स्वतः सांगत. कंपनीच्या बायनॅक यंत्रासाठी त्या दिवसभर अष्टमान पद्धतीत, म्हणजे ७ नंतर थेट १० मोजणाऱ्या अंकांत काम करत. काही महिन्यांनी त्यांच्या बँक खात्याचा हिशेब जुळेना. बँकेत काम करणाऱ्या भावाने चेकबुक तपासले, तेव्हा उलगडा झाला. मधूनमधून त्यांनी वजाबाकी अष्टमान पद्धतीने केली होती. माणसाने यंत्राच्या भाषेत विचार करायचा म्हटले तर गणिताची पीएचडी असलेल्या व्यक्तीचाही हिशेब चुकतो. मग यंत्रानेच माणसाकडे का येऊ नये, हा प्रश्न हॉपर यांच्या डोक्यात पक्का होत गेला.

त्या वेळी प्रोग्रॅमर मंडळी वारंवार लागणाऱ्या आकडेमोडीचे तुकडे वह्यांत उतरवून ठेवत. गरज पडली की एकमेकांच्या वहीतून हाताने नकलून घेत. नकलताना अंक चुके, पत्ते बदलताना बेरीज चुके आणि चूक शोधण्यात दिवस जात. हॉपर यांचे म्हणणे साधे होते. नक्कल करणे आणि बेरीज करणे यातच यंत्र हुशार आहे, मग ही कामे यंत्रालाच द्या. १९५२ मध्ये त्यांनी ए-शून्य नावाचा प्रोग्रॅम तयार केला. त्याला फक्त कोणता तुकडा हवा त्याचा क्रमांक सांगायचा. तो चुंबकीय फितीवरून तुकडे उचलून, जोडून पूर्ण प्रोग्रॅम तयार करी. याला त्यांनी कंपायलर म्हटले. आजचा संगणकशास्त्राचा विद्यार्थी त्याला लिंकर किंवा लोडर म्हणेल. तरीही प्रोग्रॅम लिहिणारा प्रोग्रॅम ही कल्पना प्रत्यक्षात आली होती.

त्यावर कुणी विश्वास ठेवीना. संगणक फक्त आकडेमोड करतो, तो प्रोग्रॅम लिहू शकत नाही, असे त्यांना सांगितले गेले. चालणारा कंपायलर हाताशी असूनही तो वापरायला कुणी तयार नव्हते. यामागे केवळ अडाणीपणा नव्हता. हाताने लिहिलेला प्रोग्रॅम अधिक वेगाने चालतो हे खरे होते आणि यंत्राचा तास तेव्हा माणसाच्या तासापेक्षा फार महाग होता. शिवाय यंत्राची गुपिते जाणणाऱ्या मोजक्या लोकांना आपले महत्त्व कमी होण्याची धास्ती होती. एआय कोड लिहू लागल्यावर आज जी चर्चा ऐकू येते, तिचा हा पहिला अंक म्हणता येईल.

इंग्रजीतून हुकूम

पुढची पायरी भाषेची होती. आयबीएममध्ये जॉन बॅकस यांचा गट फोरट्रान ही भाषा तयार करत होता. ती १९५७ मध्ये आली. तिची धाटणी बीजगणिताची, शास्त्रज्ञांना सोयीची. हॉपर यांच्या डोळ्यांसमोर ग्राहक वेगळा होता. पगारपत्रके, गोदामातील माल, विम्याचे हप्ते सांभाळणारी माणसे. त्यांना सूत्रे आवडत नाहीत, शब्द कळतात. म्हणून एक्स वजा वाय लिहिण्याऐवजी पगारातून कर वजा करा असे सरळ इंग्रजीत लिहिता यावे, असा त्यांचा आग्रह होता. वरिष्ठांचे उत्तर होते की संगणकाला इंग्रजी कळत नाही.

हॉपर यांनी प्रात्यक्षिक तयार केले. इंग्रजी हुकूम चालले. मग यंत्राला शब्दाशी देणेघेणे नसते, ते फक्त खुणा ओळखते, हे पटवण्यासाठी त्यांनी तोच प्रोग्रॅम फ्रेंच आणि जर्मन शब्दांत चालवून दाखवला. परिणाम उलटा झाला. पेनसिल्व्हेनियात बनलेल्या अमेरिकी संगणकाला परकी भाषा कळते, हे ऐकून व्यवस्थापन बिथरले, असे त्या पुढे सांगत. फक्त इंग्रजीच वापरू, असे आश्वासन त्यांना द्यावे लागले. यातून फ्लो-मॅटिक ही भाषा उभी राहिली आणि पन्नासच्या दशकाच्या अखेरीस युनिव्हॅकचे ग्राहक ती वापरू लागले.

कोबोलचा जन्म कसा झाला?

तोपर्यंत प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी होती. रेमिंग्टन रँडची फ्लो-मॅटिक, आयबीएमची कॉमट्रान, हनीवेलची फॅक्ट. संगणक बदलला की सगळे प्रोग्रॅम पुन्हा लिहायचे. ग्राहक एकदा अडकला की अडकला. बरोज कंपनीतील मेरी हॉज यांनी सर्वांसाठी एकच व्यावसायिक भाषा असावी असा मुद्दा मांडला आणि ८ एप्रिल १९५९ रोजी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात छोटी बैठक झाली. हॉपर तिथे होत्या. एवढ्या प्रतिस्पर्धी कंपन्यांना एका टेबलावर बसवणार कोण, हा प्रश्न होता. उत्तर होते सर्वात मोठा ग्राहक, म्हणजे अमेरिकी संरक्षण खाते. शेकडो संगणक असलेल्या या खात्यालाही भाषांच्या या गोंधळाचा जाच होत होता. मे १९५९ च्या अखेरीस पेंटागॉनमध्ये चार्ल्स फिलिप्स यांच्या अध्यक्षतेखाली सुमारे ४० जण जमले आणि समित्या नेमल्या गेल्या.

समितीने भाषा बनवली तर काय होईल, याची जी भीती असते ती सगळी खरी ठरत होती. वाद संपेनात. अखेर सहा जणांच्या उपगटाने न्यूयॉर्कमध्ये बसून मसुदा तयार केला. त्यात जीन सॅमेट आणि गर्ट्रूड टिअर्नी या दोन महिला होत्या. कामाला होत असलेल्या उशिराला वैतागून सदस्य हॉवर्ड ब्रॉमबर्ग यांनी कोबोल असे नाव कोरलेला दगडी थडग्याचा शिलालेख करवून घेतला आणि तो फिलिप्स यांना पाठवून दिला. जन्मण्याआधीच मेलेली भाषा, असा त्याचा अर्थ. हा दगड आज कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

भाषा मात्र आली. कॉमन बिझनेस ओरिएंटेड लँग्वेज, म्हणजेच कोबोल. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्रॅम आरसीए आणि रेमिंग्टन रँड या दोन वेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखवला गेला. आज यात काही विशेष वाटणार नाही. तेव्हा हीच मोठी बातमी होती.

हॉपर यांना कोबोलची आई म्हटले जाते. सॅमेट यांना हे मान्य नव्हते आणि त्यांची हरकत रास्त होती. मसुदा लिहिणाऱ्यांत हॉपर नव्हत्या, त्या वरच्या समितीच्या तांत्रिक सल्लागार होत्या. पण त्या वेळी प्रत्यक्ष वापरात असलेली अशी भाषा प्रामुख्याने फ्लो-मॅटिकच होती आणि कोबोलचा मोठा भाग तिच्यावर बेतलेला आहे. त्यामुळे आई नाही, तर आजी म्हणायला हरकत नसावी.

भाषा जिंकली कशामुळे?

कोबोल सुंदर होती म्हणून जिंकली नाही. ती शब्दबंबाळ आहे, साध्या बेरजेलाही वाक्य लागते. तिच्यामागे खरेदीदार उभा राहिला. कोबोल चालत नसेल तर संगणक घेणार नाही, असे धोरण संरक्षण खात्याने स्वीकारले आणि मग कंपन्यांना पर्याय उरला नाही. पुढच्या भाषांचे इतिहासही असेच आहेत. पीएचपी पसरली कारण स्वस्त होस्टिंगवर ती आयती मिळे. जावास्क्रिप्ट सर्व्हरवर आली कारण ब्राउझरमुळे ती लाखो लोकांना आधीच येत होती. गोच्या मागे गुगल होते.

कोबोलच्या टिकण्यामागे एक तांत्रिक कारणही आहे. ती दशमान अंक जसेच्या तसे सांभाळते. बऱ्याच आधुनिक भाषांत नेहमीच्या अपूर्णांक प्रकारात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज केली तर ०.३ पेक्षा किंचित वेगळे उत्तर येते. गेममध्ये याने बिघडत नाही. कोट्यवधी खात्यांवर व्याज लावताना बिघडते.

निवृत्त न होणारी अधिकारी

१९६६ च्या अखेरीस, साठाव्या वर्षी, नौदलाने हॉपर यांना राखीव दलातून निवृत्त केले. सात महिन्यांनी परत बोलावले. कारण कोबोलच होते. भाषा एक असली तरी प्रत्येक कंपनीने आपापला कोबोल काढला होता. आपल्याकडे दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, तसेच. नौदलाचे पगारपत्रक एका तळावर चाले, दुसऱ्यावर अडे. बोलावणे सहा महिन्यांसाठी होते. ते बेमुदत झाले. १९७१ मध्ये त्या पुन्हा निवृत्त झाल्या आणि १९७२ मध्ये पुन्हा रुजू.

या वर्षांतील त्यांचे काम कमी चर्चिले जाते, कारण ते कंटाळवाणे आहे. कोबोलचा कंपायलर प्रमाणानुसार आहे की नाही हे तपासणारे चाचणी प्रोग्रॅम त्यांच्या गटाने तयार केले. चाचणीत नापास झालेल्या कंपनीला कंपायलर दुरुस्त करावा लागे. भाषा शोधण्यापेक्षा हे काम मोठे होते, असे म्हणता येईल. प्रमाण कागदावर लिहून काही होत नाही, कुणीतरी ते तपासत बसावे लागते.

सोबत त्यांची भाषणे गाजत होती. नॅनोसेकंद म्हणजे किती, हे अधिकाऱ्यांना समजेना तेव्हा त्यांनी सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे कापून आणले. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढेच अंतर जाऊ शकते. उपग्रहामार्फत संदेश पोहोचायला वेळ का लागतो, हे विचारणाऱ्या सेनाधिकाऱ्यांना त्या हा तुकडा देत आणि इथून उपग्रहापर्यंत असे किती बसतील ते मोजायला सांगत. त्यांच्या कार्यालयात उलटे फिरणारे घड्याळ होते. आजवर असेच चालत आले आहे, या सबबीचा त्यांना विलक्षण राग होता. घड्याळाचे काटे एकाच दिशेने फिरले पाहिजेत, असा निसर्गाचा नियम नाही, हे त्या घड्याळाने दाखवायचे होते.

१९६९ मध्ये एका व्यावसायिक संघटनेने त्यांना पहिला कॉम्प्युटर सायन्सेस मॅन ऑफ द इयर पुरस्कार दिला. पुरस्काराच्या नावातील मॅन तसाच राहिला.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, बोस्टन बंदरातील यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या ऐतिहासिक युद्धनौकेवर त्यांना अखेरचा निरोप समारंभ झाला. तोपर्यंत त्या रिअर ॲडमिरल झाल्या होत्या आणि सेवेत असलेल्या नौदल अधिकाऱ्यांत वयाने सर्वात मोठ्या होत्या. घरी त्या तेव्हाही बसल्या नाहीत. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये सल्लागार झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामात त्यांना निरोप देण्यात आला.

लोकप्रियता का ओसरली?

कोबोलची बदनामी हॉपर हयात असतानाच सुरू झाली होती. विद्यापीठांतील संगणकशास्त्रज्ञांनी तिला कधीच आपले मानले नाही. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९७५ मध्ये ही भाषा शिकवण्यावरच अतिशय कडवट टीका केली. त्याच दशकात सी आली, पुढे सी प्लस प्लस आणि १९९५ मध्ये जावा. कोणत्याही यंत्रावर तोच प्रोग्रॅम चालेल, हे जावाचे आश्वासन कोबोलच्या १९६० मधील आश्वासनाचाच पुढचा अवतार होता. पण तोपर्यंत वेब आले होते आणि कोबोल बँकेच्या तळघरातील मेनफ्रेमची भाषा ठरली होती.

मग वायटूके आले. पंच कार्डावर ८० रकाने असत आणि साठवण महाग होती, त्यामुळे प्रोग्रॅमर वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहीत. २००० उजाडताच संगणक ००चा अर्थ १९०० घेईल, ही भीती होती. दोष भाषेचा नव्हता, चार अंक लिहायची मुभा कोबोलमध्येही होती. पण जुना कोड बहुतांश कोबोलमध्ये होता, म्हणून खापर तिच्यावर फुटले. या दुरुस्तीचे मोठे काम भारतीय आयटी कंपन्यांकडे आले. मुंबई-पुण्यातील कंपन्यांनी तरुणांना घाईने कोबोल शिकवून अमेरिकी बँका आणि विमा कंपन्यांचा कोड ओळ न् ओळ तपासायला बसवले. अनेक मराठी घरांतील पहिला पासपोर्ट आणि पहिली अमेरिकावारी या मरणपंथाला लागलेल्या भाषेने मिळवून दिली. काम संपले आणि तेच तरुण जावाकडे वळले.

आज काय स्थिती?

एप्रिल २०२० मध्ये करोनाकाळात बेरोजगार भत्त्याचे अर्ज एकाएकी वाढले आणि न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांसाठी जाहीर आवाहन करावे लागले. राज्याच्या काही प्रणाली ४० वर्षांहून जुन्या होत्या. भत्ता अडकलेल्या माणसाच्या दृष्टीने भाषा कोणती, याला अर्थ नव्हता. घरभाडे थकत होते. साठ वर्षांपूर्वीच्या भाषेवर जगभर हसू झाले. संगणकाच्या इतिहासाच्या अभ्यासक मार हिक्स यांनी मात्र नंतर वेगळी बाजू मांडली. अर्जांच्या ओझ्याखाली आधी कोलमडली ती समोरची, जावात लिहिलेली वेबसाइट. मागचा कोबोल चालत होता. कमतरता होती ती त्याची देखभाल करणाऱ्या माणसांची, कारण राज्यांनी वर्षानुवर्षे त्यांच्यावर खर्चच केला नव्हता.

मग बदलून का टाकत नाहीत? ऑस्ट्रेलियाच्या कॉमनवेल्थ बँकेने आपली मूळ प्रणाली बदलली. त्याला पाच वर्षे आणि एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक खर्च आला. नव्या कंपन्यांना भाषा बदलणे तुलनेने सोपे असते. ट्विटरने वाढती गर्दी पेलेना तेव्हा रुबीतील भाग स्कालाकडे वळवले. फेसबुकने पीएचपी सोडली नाही, तिच्यातूनच २०१४ मध्ये हॅक ही आपली भाषा काढली. बँकेला एवढीही मोकळीक नाही. नव्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम पहिल्या रात्रीपासून पैसा न् पैसा बरोबर मोजणार असेल तरच जुना बंद करता येतो. शिवाय जुन्या कोडमध्ये चाळीस वर्षांचे नियम, सवलती आणि अपवाद दडलेले असतात. ते लिहिणारे निवृत्त झालेले असतात आणि दुसरीकडे कुठे त्यांची नोंद नसते.

इंग्रजीसारखी भाषा असली की ती कुणालाही वाचता येईल, हा हॉपर यांचा हिशेब होता. वाक्य वाचता येते, हे खरे ठरले. ते तिथे का लिहिले आहे, हे मात्र भाषा सांगत नाही. आणि चालत आले आहे म्हणून चालू द्या, या ज्या सबबीवर त्या आयुष्यभर चिडल्या, त्याच सबबीवर त्यांच्या भाषेचा वारसा आज अनेक ठिकाणी तगून आहे.

२०१६ मध्ये बराक ओबामा यांनी हॉपर यांना मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम जाहीर केले. अमेरिकी नौदलाची एक विनाशिका त्यांच्या नावाने आधीपासूनच फिरते आहे. २०२३ मध्ये आयबीएमने मेनफ्रेमवरील कोबोल कोड समजून घेऊन त्याचे जावात रूपांतर करायला मदत करणारे एआय टूल जाहीर केले. इतर कंपन्याही याच मागे आहेत. अशी एआय मॉडेल घडवण्यासाठी ज्या चिप सर्वाधिक मागितल्या गेल्या, त्यांत एनव्हिडियाची २०२२ मध्ये आलेली एच१०० होती. या चिपमधील एच म्हणजे हॉपर.